लॅपटॉपची रॅम ग्राफिक्सकडे जाते तेव्हा : आधी फुकटचे उपाय, मग खर्च

8 जीबी रॅमचे पैसे मोजून लॅपटॉप घरी आणला आणि सेटिंग्जमध्ये ‘8.00 जीबी (5.88 जीबी युजेबल)’ असे दिसले, की आपल्याला फसवले गेले असेच कोणालाही वाटते. प्रत्यक्षात रॅम पूर्ण 8 जीबीचीच असते. तिच्यातला सुमारे 2 जीबीचा वाटा ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेला असतो.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप प्रोसेसरमध्येच असते. इंटेलचे यूएचडी किंवा आयरिस एक्सई, एएमडी रायझनमधले रेडिऑन ही त्याचीच नावे. या चिपला स्वतःची मेमरी नसते. पडद्यावरचे चित्र, व्हिडिओ, खेळ, ब्राउझरची पाने असे सगळे ती मुख्य रॅममध्येच ठेवते. 16 जीबी रॅम असेल तर हे जाणवतही नाही. 4 किंवा 8 जीबीच्या यंत्रावर मात्र टॅली, ब्राउझर आणि ऑनलाइन वर्ग एकत्र उघडले की यंत्र अडखळू लागते. मग दुकानातून सल्ला येतो, ‘रॅम टाका’, ‘फॉरमॅट मारा’, ‘नवीन घ्या’.

या तिन्ही सल्ल्यांना पैसे लागतात आणि कित्येकदा त्यातला एकही लागू नसतो. म्हणून या लेखातले उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने दिले आहेत. वरचा उपाय करून पाहिल्याशिवाय खालच्या उपायाला पैसे घालू नका.

दोन आकडे, दोन वेगळे अर्थ

सगळा गोंधळ दोन आकड्यांचा आहे. पहिला ‘हार्डवेअर रिझर्व्हड’, म्हणजे कायमचा राखीव वाटा. यंत्र सुरू होतानाच बायोस (विंडोजच्या आधी चालणारी यंत्राची मूळ प्रणाली) तो बाजूला काढते आणि विंडोजला तो मिळतच नाही. दुसरा ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). ही फक्त कमाल मर्यादा असते. विंडोज ती साधारणपणे वापरायोग्य रॅमच्या निम्म्याइतकी दाखवते. ‘0.4/3.9 जीबी’ असे दिसले तर त्याचा अर्थ ग्राफिक्स आत्ता 0.4 जीबी वापरत आहे आणि गरज पडली तर 3.9 पर्यंत जाऊ शकते, एवढाच. उरलेली 3.5 जीबी तुमच्या कामासाठी मोकळीच असते.

घरातली एक खोली कायम कुलूपबंद ठेवणे वेगळे आणि पाहुणे आले तर दिवाणखान्यात झोपतील असे ठरवून ठेवणे वेगळे. तक्रार करायची असेल तर ती कुलूपबंद खोलीची करावी.

‘शेअर्ड मेमरी 4 जीबी दिसते, ती कमी करून द्या’ असे सांगून दुकानात पैसे देणारे ग्राहक नेमके इथेच चुकतात. ती मर्यादा खाली आणून हाती काही लागत नाही. कमी करायच्या गोष्टी दोनच आहेत. राखीव वाटा, आणि प्रत्यक्ष वापर.

पहिली पायरी : घरी तपासणी (खर्च 0 रुपये)

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ निवडा आणि या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

1. हार्डवेअर रिझर्व्हड किती? इंटेलच्या यंत्रावर हा आकडा बहुधा 100 ते 300 एमबीच्या आसपास असतो. त्याला हात लावू नका, तिथे मिळवण्यासारखे काही नाही. एएमडी रायझनच्या 8 जीबी यंत्रावर तो 2 जीबीच्या घरात असेल, तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.
2. स्लॉट्स यूज्ड. ‘1 ऑफ 2’ असे असेल तर रॅमची एक जागा रिकामी असण्याची शक्यता आहे.
3. फॉर्म फॅक्टर. ‘एसओडिम’ म्हणजे काढता-घालता येणारी पट्टी. ‘रो ऑफ चिप्स’ म्हणजे मदरबोर्डवर कायमची जोडलेली रॅम.
4. इन यूज. नेहमीची सगळी कामे उघडी ठेवून हा आकडा पाहा. वापर सतत 85-90 टक्क्यांच्या वर राहत असेल तरच रॅमची टंचाई खरी समजा.

राखीव वाटा एकूण रॅमच्या बरोबर निम्मा दिसत असेल, तर तो बहुधा ग्राफिक्सचा नसतो. दोन पट्ट्यांपैकी एक नीट बसलेली नसते, किंवा ‘एमएस-कॉन्फिग’मधल्या बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’वर कोणीतरी खूण केलेली असते. ती खूण काढून यंत्र पुन्हा सुरू करा. जुन्या यंत्रावर 4 जीबीपैकी जेमतेम 3 जीबीच दिसत असेल, तर विंडोज 32 बिटची आहे का ते पाहा. 32 बिट विंडोजची घरगुती आवृत्ती 4 जीबीच्या पुढे जात नाही, आणि तेवढीही पूर्ण वापरता येत नाही.

दुसरी पायरी : राखीव वाटा कमी करणे (खर्च 0 रुपये)

हे काम बायोसमध्ये होते. पण तिथे जाण्याआधी एक काळजी घ्यायलाच हवी. विंडोज 11 च्या अनेक यंत्रांवर डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. बायोसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी यंत्र बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलपाची, 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर स्वतःचीच माहिती उघडता येत नाही. यंत्र मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले असेल तर ही की बहुधा त्या खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खात्यात जाऊन ती आधी पाहा आणि वहीत उतरवून घ्या. महत्त्वाच्या फायलींची प्रतही पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

मग यंत्र बंद करून सुरू करा आणि लगेच बायोसची कळ दाबत राहा. डेल, एसर आणि आसुसवर बहुधा एफ 2, एचपीवर एफ 10, लेनोवोच्या घरगुती यंत्रांवर एफ 2 आणि थिंकपॅडवर एफ 1. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’ या भागात ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’, ‘व्हिडिओ मेमरी साइझ’ किंवा ‘आयजीपीयू मेमरी’ अशा नावाचा पर्याय शोधा. तिथे 2 जीबी असेल तर 512 एमबी करा, जतन करून बाहेर पडा.

8 जीबीच्या यंत्रावर या एका बदलाने सुमारे दीड जीबी रॅम विंडोजला परत मिळते. ग्राफिक्सचेही यात फारसे अडत नाही. जास्त जागा लागली तर ते उरलेल्या रॅममधून गरजेपुरती घेते आणि काम संपले की सोडते. दिवसभर टॅली, वर्ड, बँकेची कामे आणि व्हिडिओ पाहणे यासाठी 512 एमबीचा राखीव वाटा पुरेसा असतो.

तीन सूचना :

- खेळ खेळणाऱ्यांनी हा वाटा घटवताना जपून पावले टाकावीत. काही खेळ सुरू होतानाच राखीव मेमरी किती ते तपासतात आणि ती कमी दिसली की सुरूच होत नाहीत.
- 16 जीबी किंवा त्याहून अधिक रॅम असेल तर हा बदल करू नका. दीड जीबीने तिथे काही बिघडत नाही.
- अनेक कंपन्या घरगुती लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय दाखवतच नाहीत. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचे बायोस अपडेट करून एकदा पाहावे. तरीही पर्याय नसेल तर नाद सोडा. बदललेले बायोस टाकून देतो म्हणणाऱ्याच्या हाती यंत्र देऊ नका. काम फसले तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो आणि हमीही जाते.

रायझन एआय 300 मालिकेच्या नव्या यंत्रांवर हा वाटा बायोसमध्ये न जाता एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमधल्या ‘व्हेरिएबल ग्राफिक्स मेमरी’ या पर्यायातून बदलता येतो.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष वापर आवरणे (खर्च 0 रुपये)

इंटेलच्या यंत्रावर बचत होते ती याच पायरीवर. ग्राफिक्सची मेमरी कोण वापरते ते आधी शोधा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये स्तंभांच्या नावावर उजवी टिचकी मारा, ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडा आणि ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’वर खूण करा. आता प्रत्येक प्रोग्रामचा हिशेब समोर येतो.

ब्राउझर. बहुतेक वेळा पहिला नंबर याचाच लागतो. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ सुरू करा. न वापरलेली पाने त्यामुळे मेमरी सोडतात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणते पान जड आहे ते कळते. ब्राउझरचे ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ग्राफिक्सची मेमरी वाचते हे खरे, पण व्हिडिओ उलगडण्याचे काम प्रोसेसरवर पडते, यंत्र तापते आणि बॅटरी लवकर उतरते. ऑनलाइन वर्ग आणि व्हिडिओ पाहणाऱ्यांनी ते सुरूच ठेवावे.

पडदा. 1920 × 1080 च्या पडद्याचे एक चित्र सुमारे 8 एमबी जागा घेते, तर 3840 × 2160 च्या, म्हणजे 4के पडद्याचे 33 एमबी. ग्राफिक्स एका वेळी अशी अनेक चित्रे हाताशी ठेवते आणि प्रत्येक उघड्या खिडकीचे चित्र वेगळे असते. 8 जीबीच्या लॅपटॉपला 4के मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल आणि काम फक्त हिशेबाचे असेल, तर त्याचे रिझोल्यूशन 1920 × 1080 वर आणा.

सजावट. ‘पर्सनलायझेशन’मधल्या ‘कलर्स’मध्ये ‘ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स’ बंद करा. हलते वॉलपेपर काढून टाका. ‘गेमिंग’मधल्या ‘कॅप्चर्स’मध्ये पडद्याचे मागच्या मागे होणारे चित्रण सुरू असेल तर तेही बंद करा. यातून मिळणारी बचत थोडी असते, पण 4 जीबीच्या यंत्रावर तीही जाणवते.

ड्रायव्हर. ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ची मेमरी दिवसभर वाढतच जात असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरचा असतो. लॅपटॉप कंपनीच्या, इंटेलच्या किंवा एएमडीच्या अधिकृत पानावरून नवा ड्रायव्हर घ्या. तो फुकट मिळतो. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या विकाऊ प्रोग्रामला एक रुपयाही देऊ नका.

दोन ग्राफिक्सची यंत्रे. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू 0’ आणि ‘जीपीयू 1’ असे दोन दिसत असतील, तर तुमच्याकडे स्वतंत्र ग्राफिक्सही आहे आणि त्याला स्वतःची मेमरी आहे. ‘डिस्प्ले’मधल्या ‘ग्राफिक्स’मध्ये जाऊन फोटोशॉप किंवा व्हिडिओ संपादनासारख्या जड प्रोग्रामला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. त्यांचा भार मुख्य रॅमवरून उतरेल.

चौथी पायरी : रॅम वाढवणे (इथून खर्च सुरू)

फुकटचे उपाय करूनही वापर 90 टक्क्यांवरच राहत असेल, तर रॅमला पर्याय नाही. मात्र आधी तपासणीच्या कागदाकडे पाहा. ‘रो ऑफ चिप्स’ असेल आणि रिकामा स्लॉट नसेल, तर रॅम वाढणार नाही. एलपीडीडीआर प्रकारची रॅम तर जवळजवळ नेहमीच जोडलेली असते. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवताच येत नाही. तिथे विकत घेतानाच पुरेशी घ्यावी लागते.

पट्टीचा प्रकार तंतोतंत जुळायला हवा. लॅपटॉपच्या डीडीआर3 पट्टीला 204, डीडीआर4 ला 260 आणि डीडीआर5 ला 262 पिना असतात. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. डीडीआर3 मध्येही 1.35 व्होल्टची ‘एल’ पट्टी लागते की 1.5 व्होल्टची, ते मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावे.

दोन जागा असतील तर दोन्ही भरण्यात ग्राफिक्सचा वेगळा फायदा आहे. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माहिती पोहोचवते, दोन मिळून 51.2 जीबी. ग्राफिक्स रॅमवरच जगत असल्याने खेळ आणि व्हिडिओ संपादनात हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून 8 जीबीची पट्टी काढून 16 ची एक टाकण्यापेक्षा, जागा असेल तर जुन्या पट्टीशेजारी 8 ची आणखी एक टाकणे बहुतेकांना परवडते आणि लाभतेही.

आता किमतीबद्दल. 2024 मध्ये आणि 2025 च्या पूर्वार्धात 8 जीबीची डीडीआर4 लॅपटॉप पट्टी साधारण दीड ते दोन हजार रुपयांना मिळत होती. 2025 च्या अखेरीपासून चित्र पालटले. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशल’ या आपल्या ग्राहकांसाठीच्या रॅमचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. किमती दुपटीच्या पुढे गेल्या आणि आठवड्यागणिक बदलू लागल्या. त्यामुळे जुन्या आठवणीतला भाव धरून दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी दोन ऑनलाइन दुकाने आणि एक स्थानिक दुकान असे तीन भाव घ्या, आणि सांगितलेल्या भावात 18 टक्के जीएसटी धरला आहे का ते विचारा. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर एकाच फेरीत दहा दुकानांत भाव विचारता येतो.

जुनी, काढलेली पट्टी स्वस्त पडते. ती घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच बसवून विंडोजची ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणी चालवून घ्या आणि किमान महिनाभराची बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्या. पट्टी बसवण्याची मजुरी 200 ते 500 रुपयांत व्हावी, कारण काम पंधरा-वीस मिनिटांचे असते. लॅपटॉप हमीत असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. काही मॉडेलमध्ये ग्राहकाने रॅम बदललेली चालते, काहींत चालत नाही.

यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर रॅमच्या आधी एसएसडीचा विचार करा. रॅम संपली की विंडोज डिस्कवर जागा घेते आणि फिरत्या डिस्कवर तीच वाट सर्वांत संथ असते. 2024 मध्ये 240 ते 256 जीबीची साधी एसएसडी साधारण दीड ते दोन हजारांत मिळत होती. मेमरी चिपच्या टंचाईची झळ तिलाही बसली आहे, म्हणून ताजा भाव पाहूनच ठरवा.

कशाला पैसे देऊ नयेत

- ‘ग्राफिक्स मेमरी वाढवून देतो’. रजिस्ट्रीमध्ये ‘डेडिकेटेड सेगमेंट साइझ’ नावाचा आकडा भरून 128 ऐवजी 512 एमबी दाखवता येतात. खेळाला दिसणारा आकडा तेवढा बदलतो, मेमरी होती तितकीच राहते.
- ‘ग्राफिक्स कार्ड बदलून देतो’. प्रोसेसरमधले ग्राफिक्स वेगळे काढता येत नाही.
- ‘रॅम क्लीनर’. मोकळी रॅम विंडोज मुद्दाम साठवणीसाठी वापरते आणि गरज पडली की सोडते. ती जबरदस्तीने रिकामी केली की तेच पान पुन्हा डिस्कवरून आणावे लागते.
- फक्त यासाठी फॉरमॅट. बायोसने राखून ठेवलेला वाटा फॉरमॅटने सुटत नाही.

खर्चाचा तक्ता

- टास्क मॅनेजरमधली तपासणी : 0 रुपये
- बायोसमध्ये राखीव वाटा कमी करणे : 0 रुपये. दुकानातून करून घेतल्यास फार तर 200-300 रुपये
- ब्राउझर, पडदा, ड्रायव्हर : 0 रुपये
- 8 जीबी डीडीआर4 पट्टी : 2025 च्या मध्यापर्यंत 1,500 ते 2,000 रुपये, आता त्याच्या दुपटीहून अधिक धरा
- पट्टी बसवण्याची मजुरी : 200 ते 500 रुपये
- एसएसडी : भाव पाहून, पण यंत्रात फिरती डिस्क असेल तर पहिला खर्च हाच

बिल आणि तक्रार

पट्टी बसवल्यावर दुकानातच टास्क मॅनेजर उघडून एकूण रॅम, वेग आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. बिलावर पट्टीची कंपनी, क्षमता, प्रकार, क्रमांक आणि हमीचा काळ लिहून घ्या. काढलेली जुनी पट्टी तुमची आहे, ती मागून घ्या. ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ हा सौदा स्वीकारू नका. पट्टी महिनाभरात बिघडली तर त्या वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट भुर्दंड पडतो.

वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे नाही सुटले तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्तीही नाही.

नवा लॅपटॉप घेणार असाल, तर जाहिरातीत लिहिलेली ग्राफिक्सची मेमरी ‘डेडिकेटेड’ आहे की ‘शेअर्ड’, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शेअर्ड असेल तर ती तुमच्याच रॅममधून जाणार आहे, म्हणून किमान 16 जीबी किंवा रिकामा स्लॉट असलेलेच मॉडेल निवडा. घरी लॅपटॉप आधीच असेल, तर टास्क मॅनेजर उघडून ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ आणि ‘इन यूज’ हे दोन आकडे आजच पाहा. पैसे खर्च करायचे की नाही, हे त्या आकड्यांवर ठरवा.